आधी पाणी, मग कपात

साकोलीच्या पेन्शन कचेरीतला तो बाबू वाईट बातमी सांगण्याआधी माणसाला माठातलं पाणी पाजायचा.

निवृत्तीनंतर मी तात्पुरती म्हणून पुन्हा शाळेत शिकवू लागले. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते मी. माझ्यावाचून सरकार बुडेल असं खरंच वाटायचं! लवकरच बाबूने गिलास पुढे केला.

"पयले पाणी प्या, बाई."

"तहान नाही मले. झालं काय?"

"नवा पगार सुरू हाय ना? मंग पेन्शन कापा लागते."

मी एवढी भांडले की ते पाणी शेवटी त्यालाच प्यावं लागलं.

पुढे तोही निवृत्त झाला आणि तात्पुरता म्हणून त्याच खुर्चीत परत आला. परवा गेले, तर स्वतःचीच फाईल उघडून बसलेला.

"माही पेन्शन कापाची राहूनच गेली, बाई. कोनाच्या ध्यानात नाही अजून. पन मले तं मालूम हाय ना!"

मी उठले आणि माठातून गिलास भरून आणला.

"पयले पाणी प्या, भाऊ. अन् आता भांडा कोनासंग भांडता ते!"

त्याने एका दमात गिलास संपवून परत माझ्या हातात दिला.

"आखीन एक द्या, बाई. मागच्या महिन्यांचीबी कापाची हाय."