सांडव्यावरची पोती

पोळ्याला बैल बंधाऱ्यात धुवायचे, या एका हौसेपायी आमच्या गावानं बंधाऱ्याचा सांडवा बुजवला. आता कोणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. ज्या गावानं वर्षानुवर्षं पोळ्याचे बैल टँकरच्या उरल्यासुरल्या पाण्यानं पुसून काढले, त्या गावाला पाण्याची हौस काय असते ते विचारा.

गाव आमचं मेहकर तालुक्यातलं, टेकडीला टेकून वसलेलं. दोन उन्हाळे सगळ्या गावानं टेकडीवर चर खोदले आणि खाली नाल्यावर मातीचा बांध घातला. हातांना पार फोड आले. भरला बांध माथ्यावरून वाहिला तर माती टिकत नाही, म्हणून जास्तीचं पाणी जायला एका बाजूनं सांडवाही काढला. राहिला तो फक्त सांडव्यापासून पुन्हा नाल्यापर्यंतचा चर. तो खोदायच्या आत पेरणी आली आणि कुदळी ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. म्हणजे सांडवा वाहिला की पाणी थेट माझ्या वहिनीच्या कपाशीत.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ वारला, तेव्हापासून ती एकटीच वावर बघते. बैल तिच्याकडे नाहीत. वखरणी, डवरणी माझीच जोडी करते. ते तेवढं वावर सोडलं तर तिला दुसरा आधार नाही.

त्या साली पाऊस मनासारखा पडला आणि श्रावणातच पाणी सांडव्याला भिडलं. गावात बैठक झाली. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची आणि सांडवा बंद करायचा. पोळ्यापर्यंत बंधारा काठोकाठ राहील, वहिनीची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीही वाचेल. चर काय, पोळा झाल्यावर खोदू.

माझं डोकं आधीच गरम. मी उठून ओरडलो, "अरे, सांडवा बुजवते का बे कोणी? उद्या जोराचा पाऊस आला तर पाणी जाईन कुठं? आधी चर खोदा!"

"याले बारा महिने आगच लागेल दिसते," कोणीतरी म्हणालं आणि बैठक खदखदून हसली. वहिनीसुद्धा म्हणाली, "भाऊजी, तुमी उगाच कावता." तिच्या पिकासाठी गाव पोती भरायला निघालं होतं. मी कोणत्या तोंडानं पुढे बोलणार? सांडवा पोत्यांनी बंद झाला.

पोळा दोन दिवसांवर आला आणि भर दुपारी आभाळ फुटलं. समोरचं झाड दिसेना. मी घोंगडं डोक्यावर घेऊन बांधावर पळालो. पाणी माथ्यापासून जेमतेम हातभर खाली होतं. तरी म्हटलं, पाऊस थांबेल. मग बांधाच्या पायथ्याशी उतरलो. पायथ्याला पाझर नेहमीच असायचा, पण निवळ. आता तिथून लाल गढूळ पाणी येत होतं. म्हणजे बांधाची माती आतून सुटायला लागली होती. खाली नाल्याच्या दोन्ही काठांना घरं. बांध फुटला असता तर सगळ्यात आधी ती गेली असती.

मी ओरडत गावात पळालो. नाल्याकाठच्या बौद्धवाड्यातल्या जाणत्या माणसांनी खालची घरं रिकामी करायला घेतली. लेकरं, म्हातारी, शेरडं, सगळं शाळेच्या व्हरांड्यात. आम्ही पाच-सहा जण कुदळी, फावडी घेऊन सांडव्याकडे धावलो.

पोत्यांवर वहिनी बसली होती. नखशिखांत भिजलेली, पदर कमरेला खोचलेला.

"वहिनी, उठा."

"नाही उठत."

"बांध फुटून राह्यला! खाली घरं आहेत लोकायची!"

"अन् खाली माही पऱ्हाटी नाही काय? तुमीच म्हणत होते ना, चर खोदा म्हणून? काऊन नाही खोदला मंग? सगळ्या गावाच्या पेरण्या झाल्या, माह्या वावराचीच आठवण नाही राहिली कोणाले." तिनं दोन्ही हातांनी पोतं धरलं. "आधी मले गाडा, मंग पोतं उचला."

तिचं एकन् एक अक्षर खरं होतं. माझ्यासोबतचे माना खाली घालून उभे राहिले. बैठकीत हसले होते तेच हे. तिच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती होईना. तेवढ्यात बांधाकडून आरोळी आली, "पायथ्याचा पाझर वाढून राह्यला हो!"

मी वहिनीचे दंड धरले आणि तिला खेचून उठवलं. जन्मात कधी तिच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशी तिला चिखलातून फरफटत बाजूला केलं. तिनं मला मारलं, बोचकारलं, माझ्या मेलेल्या भावाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. दोघांना तिला धरून ठेवायला सांगितलं आणि पहिलं पोतं मीच उपसलं.

दोन पोती निघाल्यावर उरलेली पाण्यानंच फेकून दिली. पाणी वावरात शिरलं. पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. आधी ओळींमधली तासं दिसेनाशी झाली, मग झाडं आडवी झाली, मग वरची काळी मातीच निघाली. वहिनीचं ओरडणं थांबलं होतं. मला वाटलं, हिनं अजून शिव्या द्याव्यात.

बांध राहिला. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं, पायथ्याचा गढूळपणाही कमी झाला. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मला त्यांचा असा संताप आला की एकाचा हात झटकून टाकला. दुसऱ्या दिवशी हीच माणसं न बोलवता कुदळी घेऊन आली आणि दुपारच्या आत चर खोदून मोकळी झाली. एवढंसं काम होतं ते!

पोळ्याला गावानं बैल बंधाऱ्यात धुतले. पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. मी माझी जोडी धुतली, सजवली, तोरणाखाली उभी केली. तोरण तोडून पोळा फुटल्यावर बैल घरोघरी ओवाळायला नेतात. वहिनीच्या घराकडे वळताना पाय अडला. बायको म्हणाली, "जाऊ नका आज." मी गेलो.

दार उघडं होतं. वहिनी ताट घेऊन बाहेर आली. दोन्ही बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली. एकाच्या मानेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मी कासरा धरून तिथंच उभा. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"वहिनी, मी आलो..."

"बैलायचा काय दोष?" ती बैलालाच म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.