चौकशीच्या खिडकीतली दुसरी बाई

मलकापूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत आम्ही दोघी. सकाळची पाळी माझी, दुपारची तिची, मधला थोडा वेळ दोघींचा. ती नवी आली तेव्हा माझ्याहूनही तापट होती. एकाच माणसानं गाडीची वेळ पुन्हा पुन्हा विचारली की तिचा आवाज चढायचा. तिचे वडील कचेरीत कारकून, घरी सत्यनारायण वगैरे. माझ्या घरी लहानपणापासून विहार आणि वंदना. म्हणून मीच तिला एकदा सहज म्हटलं, की कोणी काही विचारलं तर आधी आपला श्वास पाहायचा, मग बोलायचं. माझ्या वडिलांनी मला शिकवलेलं.

मी सांगून विसरले. ती विसरली नाही.

वर्षभरात तिचा आवाज चढेनासा झाला आणि लोक तिलाच शोधत यायला लागले. बांगड्या घेऊन जानेफळच्या बाजाराला जाणारा एक म्हातारा मनियार होता. मी त्याला गाडीची वेळ सांगायची, तरी तो बाकावर बसून राहायचा आणि ती आली की तिला पुन्हा विचारायचा. ती तीच वेळ सांगायची. तिच्या तोंडून ऐकली की त्याला पटायची.

मला ते फार लागलं. आमच्या घरची गोष्ट, आणि फळली हिच्या अंगणात. सकाळी डोळे मिटून मी सगळ्यांचं मंगल चिंतायची. आई, मुलगी, शेजारी, माझ्याशी भांडलेला एक ड्रायव्हरसुद्धा. तिचं नाव घ्यायची वेळ आली की जीभ जड व्हायची. मग 'सर्व प्राणी सुखी होवोत' म्हणून घ्यायची. त्यात तीही आलीच, अशी मनाची समजूत.

बुद्धपौर्णिमेला स्थानकावर छोटा कार्यक्रम झाला. वंदना म्हणायला मला सांगितलं, बोलायला तिला. ती उभी राहिली आणि म्हणाली, हे सगळं मी आमच्या ताईंकडून शिकले. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी पांढऱ्या साडीत हसत बसले आणि आतून जळत होते. तिनं श्रेय लाटलं असतं तर निदान मनातल्या मनात बोल तरी लावता आला असता. तेवढीही जागा तिनं ठेवली नाही.

दोनेक दिवसांनी पाळी बदलताना ती खुर्ची पुसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मले तुमचा हेवा वाटते."

ती दचकली नाही. "माहीत हाय, ताई. मी काही विचारलं की आजकाल तुम्ही अर्धंच सांगता." मग फडकं घडी करत म्हणाली, "मले वाटलं, आता पुढचं शिकवणार नाही तुम्ही. ते मैत्रीभावनेचं, सगळ्यांचं मंगल चिंतायचं, राह्यलंच ना."

मी म्हटलं, "ते मलेच येत नाही अजून."

तिनं फडकं खिडकीच्या कडेला ठेवलं आणि ती खुर्चीत बसली. समजावलं नाही, हे बरं केलं.

मनियार अजूनही तिचीच वाट पाहतो. पण दुपारी ती आल्यावर मी लगेच घरी निघत नाही. मागच्या स्टुलावर बसून ती लोकांशी कशी बोलते ते ऐकते. कधी छान वाटतं, कधी पोटात दुखतं. दुखलं की तिला तसं सांगते. ती "हाव, ताई" म्हणते, जरा सरकून मला खिडकीशी जागा देते आणि समोरच्याला सोनाळ्याची गाडी सांगते.