अम्माची कबर कुठल्या जिल्ह्यात

औशाजवळच्या खेड्यात बांगड्या विकणाऱ्या हुरमतबीला एकच भाऊ, चाँदसाब. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तो घाबरून कराचीला गेला. "हवा निवळली की येतो," म्हणाला. हवा निवळली, पण तोवर कायदे आडवे आले. आधी परमिट, मग पासपोर्ट, मग व्हिसा, त्यात दोन लढाया. माणूस आपल्याच घराला परका झाला की हो!

बहात्तरच्या दुष्काळात हुरमत म्हाताऱ्या अम्माला घेऊन येडशीकडं खडी फोडायला गेली. तिथंच तापानं अम्मा गेली. मयत गावी न्यायला गाडी होती, पण बैल चाऱ्यावाचून कधीच गेलेले. तिथल्याच कबरस्तानात दफन केलं. "आईला परमुलखात टाकून आली," असं भावकी बोलली. ते हुरमतच्या काळजात रुतून बसलं. भावाला तिनं मयतीची खबर दिली, जागेचं मात्र लाजेपायी सांगितलं नाही.

ब्याऐंशी साली चाँदसाबला एकदाचा व्हिसा मिळाला. हुरमतनं घर सारवून घेतलं. तेवढ्यात सरकारनं लातूर जिल्हा वेगळा काढला. गावात पेढे वाटले, हुरमतनंही हौसेनं खाल्ला. तिला काय ठाऊक, भावाच्या व्हिशावर 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलंय आणि आपलं गाव गेलं लातुरात!

भाऊ उस्मानाबादेतच अडकल्याचा निरोप आला, तशी शेजारच्या दानम्माला घेऊन ती एसटीनं तिकडं पोचली. चाँदसाब पोलीस चौकीत हजेरी देऊन बाकावर बसला होता. त्याची पांढरी दाढी बघून हुरमतला रडू आवरेना.

हवालदार भला माणूस. पण तोही म्हणाला, "बाई, जिल्ह्याबाहेर एक पाऊल न्हाई. माझ्या हातात काय हाय?"

"घर ऱ्हाऊ दे," चाँदसाब म्हणाला. "मला अम्माच्या कबरीवर तेवढं ने. माझी मिट्टी द्यायची राहिली."

हुरमतची मान खाली गेली. शेवटी तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. दानम्मा मात्र उसळली, "आगं येडे, रडत काय बसलीस? येडशी कुठल्या जिल्ह्यात हाय?"

"उस्मानाबादच की!" हवालदार हसला. "जा, पण दिवेलागणीच्या आत हजर व्हा."

बाया कबरस्तानात जात नाहीत, म्हणून हुरमत बाहेर कुंपणापाशी थांबली आणि बोटानं जागा दाखवली. चाँदसाबनं तीन मुठी माती वाहिली, फातेहा पढला.

तो बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाई, माफ कर. अम्माला गावात न्यायला जमलं न्हाई."

"लई चांगलं झालं," तो म्हणाला. "गावात असती तर मला भेटली नसती."

दहा वर्षांचं ओझं उतरलं आणि हुरमत पोटभर रडली. मग बाभळीखाली बसून तिनं फडकं सोडलं. घरच्या चुलीवरची भाकर चाँदसाबनं सावकाश खाल्ली. दाराशी लिंब अजून हाय का, एवढं विचारलं. घर काही त्याला दिसलं नाही.