एका नावावरचं दूध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर मुळीच नाही — कारण ज्या वाडीची ही गोष्ट, ते तिचं माहेर. मग तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

महाडमधल्या एका खाजगी डेअरीत मी डेटा हेड आहे. हसू नका, दुधाच्या धंद्यातही हल्ली असला माणूस लागतो. नोकरीला लागलो तेव्हा मी नुसता 'कॉम्प्युटरवाला' होतो. प्रिंटर अडला की मला हाक यायची. मग दूध मोजायच्या काट्यांना मशीन जोडली, टेम्पोच्या कोणत्या थांब्यावर कुणी किती दूध घातलं ते थेट माझ्या स्क्रीनवर दिसू लागलं, आणि माझी खुर्ची सरकत सरकत शेठजींच्या शेजारी आली. आता टेम्पो कुठे पाठवायचा हे मला विचारल्याशिवाय ठरत नाही.

ही खुर्ची कशी मिळाली तेही सांगायला हवं. सुर्वेकाका म्हणून आमचे जुने सुपरवायझर होते, उभा जन्म टेम्पोबरोबर फिरलेले. दासगावकडच्या एका थांब्याबद्दल ते मीटिंगमध्ये म्हणाले, "शेठ, तिथलं मला माहीत आहे. भातलावणीच्या दिवसांत दूध कमी येतं, मग वाढतं." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, 'माहीत आहे' नको. आकडा दाखवा." शेठजी हसले, मग सगळेच हसले. काका मान खाली घालून वही चाळत राहिले. त्याच वर्षी ते नोकरी सोडून घरी बसले आणि मला काचेची केबिन मिळाली. ते वाक्य पुढे मी कुठे कुठे नाही वापरलं? पुण्यात एका कार्यक्रमात भाषण केलं, तिथेसुद्धा. टाळ्या पडल्या.

आता वाडीचं. पोलादपूरच्या वर, डोंगरावर माझं आजोळ आहे. अकरा घरं. पोरं मुंबईला, मागे म्हातारी माणसं आणि म्हशी. रस्ता वाडीपर्यंत जात नाही. रोज अकरा घरांनी खाली कशाला उतरायचं? म्हणून पाळी असायची. ज्या घराची पाळी त्यातल्या दोघांनी सगळ्यांचं दूध कॅनमध्ये भरून पाऊण तास डोंगर उतरायचा आणि टेम्पोला घालायचं. सगळं एकाच नावावर, माझ्या मामाच्या, कारण डेअरीत खात्याचा पहिला नंबर त्याने काढला होता. कुणाचं किती, त्याच्या रेघा मामाच्या पडवीतल्या भिंतीवर कोळशाने मारलेल्या असत. मामा गेला, तरी नंबर त्याच्याच नावावर राहिला. बदलायचा कशाला? वाडीत कुणाचं काही अडत नव्हतं. कॉलेजच्या सुट्टीत मामाच्या पाळीला मीही कॅन घेऊन उतरलोय. खांद्यावर वळ उठायचे.

मागच्या वर्षी शेठजींनी कमी दुधाचे थांबे बंद करायला काढले. माणूस वाईट नव्हे — दूध कमी असलं तरी घरं जास्त असतील तर थांबा ठेवायचा, उद्या तीच घरं दूध वाढवतील, असं ते म्हणत. एकेक थांबा बघत आम्ही वाडीखालच्या थांब्यावर आलो. त्यांनी विचारलं, "इथे किती घरं?"

स्क्रीनवर एकच नाव होतं. मामाचं. मेलेला माणूस रोज सकाळी दूध घालत होता, आणि त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं.

काय सांगायचं होतं मला? एवढंच — शेठ, मला माहीत आहे. पण नेमकं हेच तर मी काकांना बोलू दिलं नव्हतं. शिवाय पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? मग आजोळ सांगावं लागलं असतं, कॅन सांगावे लागले असते. ऑफिसात मी महाड शहरातला, चांगल्या घरचा. आडनाव वेगळं, कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी — हो, मीच — म्हणालो, "एकच घर आहे."

टेम्पो थांबायचा बंद झाला.

आठवड्याभराने मामी एसटीने माझ्या घरी आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "बायका दूध घेऊन उभ्या ऱ्हातात नि परत वर चढतात रे. यंत्राचं कायतरी चुकलं असंल. तू तितला साहेब हायस, सांग ना वरती."

तेव्हाही उशीर झाला नव्हता. दहा नवे नंबर, एका दुपारचं काम. पण त्यासाठी मीटिंगमध्ये उभं राहून 'मी चुकलो' म्हणावं लागलं असतं. मी म्हणालो, "मामी, हे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या हातात काही नाही."

तिने विश्वास ठेवला. वर माझीच समजूत घातली, "ऱ्हाऊ दे मग. तुज्या नोकरीला काय व्हायला नको."

म्हशी एकेक करून व्यापाऱ्याने नेल्या. चार घरांना कुलपं लागली, तिथली म्हातारी माणसं मुंबईला लेकांच्या खोल्यांत जाऊन पडली. आणि माझ्या भाषणात तो थांबा अजून आहे. डेटामुळे किती डिझेल वाचलं, त्याचं उदाहरण म्हणून. नव्या पोरांना मी ते आवाज चढवून सांगतो. कसा सांगतो मी ते? सवयीने.

या गणपतीत आईला घेऊन वाडीवर गेलो होतो. पडवीची भिंत मामीने सारवलेली नाही. अकरा रांगा, कोळशाच्या, एकीखाली एक. सुर्वेकाकांकडे मी आकडा मागितला होता. इथला आकडा मला कॉलेजपासून पाठ होता.

निघताना मामीने हातात डबा दिला. तिच्या शेवटच्या म्हशीचं तूप. म्हणाली, "आता यापुडं मिळायचं नाय. पोरांना घाल."

पोरांना घातलं. मीही रोज गरम भातावर घेतलं, डबा पुसून संपवला. फार चांगलं होतं.