सही नसलेली पाटी

पेंटर म्हणजे भिंती रंगवणारा, असा कुणी घोटाळा केला की त्याचं डोकं फिरायचं. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, गेली तीस वर्षं. पत्र्याला अस्तर, खडूच्या दोरीनं आखणी, मग अक्षरं, आणि वरची शिरोरेघ श्वास रोखून एका दमात. फ्लेक्स आल्यापासून निम्मी गिऱ्हाइकं तिकडे पळाली, तरी गड्याचा तोरा काही उतरला नाही. पाटी पुरी झाली की उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक सही ठोकायची. "मशीन सही करतं का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

मुलगी बारावीला होती. घरात तिला वकिलीणबाई म्हणायचे, कारण आमटीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी ती पुरावा मागायची. कॉलेजातल्या बाईंनी वर्गाला निबंध दिला: समाजातला एखादा अन्याय निवडा, आपली बाजू मांडा, समोरच्याचीही प्रामाणिकपणे मांडा, आणि शेवटी कुठून काय घेतलं त्याची यादी जोडा. नुसत्या उसाशांना गुण मिळणार नाहीत, असंही बाईंनी बजावलं.

वकिलीणबाईंना विषय सुचला तो आत्याच्या गुडघ्यांवरून. पेंटरची थोरली बहीण बारा वर्षं एका सात मजली इमारतीत चार घरची धुणीभांडी करत होती. इमारतीला लिफ्ट होती. तिच्या शेजारी पाटीही होती: 'लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी. कामवाल्यांनी व सामान आणणाऱ्यांनी जिना वापरावा.' आत्या आता दोन्ही हातांनी कठडा धरून चढायची आणि मजल्यामजल्याला थांबून गुडघ्यांचीच समजूत काढायची.

विषय ऐकला आणि पेंटर अर्ध्या ताटावरून उठला. कारण ती पाटी त्यानंच रंगवली होती.

तेव्हा इमारतीच्या सेक्रेटरीनं एकदम चार पाट्यांचं काम दिलं होतं. तीन पाट्यांवर पेंटरनं सही केली, चौथीवर केली नाही. जागा नव्हती, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोनच महिन्यांनी ताईला त्याच इमारतीत कामं मिळाली. आपण त्या वेळी गप्प बसलो, हे त्याच्या मनात बारा वर्षं सलत होतं. बोलायचा दिवस एकदा हातचा गेला की पुढचा प्रत्येक दिवस आणखी अवघड होत जातो, आणि हा तर मुलखाचा भित्रा.

"छान आहे विषय," तो मुलीला म्हणाला. चार दिवसांत उत्साह ओसरेल, अशी त्याला आशा होती.

कसला ओसरतोय! तिनं बापाच्या स्कूटरवर बसून अकरा इमारती पालथ्या घातल्या. पाट्यांचे फोटो काढले. आत्याच्या इमारतीच्या पायऱ्या मोजल्या, एकशे सव्वीस भरल्या. सेक्रेटरीलाही भेटली. तो म्हणाला, सुरक्षेचा प्रश्न आहे, लिफ्टवर ताण येतो. तिनं ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, की मी उभी असताना एक कुत्रा लिफ्टनं वर गेला. नगरपालिकेत जाऊन असा काही नियम आहे का, हेही विचारलं. तिथल्या कारकुनानं दोन कपाटं उपसली आणि नियम नाही असं चक्क लिहून दिलं. पेंटर सगळीकडे खालीच थांबला. "गाडी कोण बघणार?" म्हणायचा. अकरा इमारतींत त्याच्या खटाऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

रविवारी सकाळी आत्या घरी आली, तेव्हा मुलगी वही घेऊन तिच्यासमोर बसली.

"आत्या, लिफ्टमध्ये बसू नको असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पाटी आहे की."

"तू भांडली का नाहीस मग? तू तर कुणाला ऐकत नाहीस."

"खडूनं खरडलेलं असतं ना, तर पुसून टाकलं असतं," आत्या हसली. "पण काय ते अक्षर, काय ती रेघ! इतकं देखणं लिहिलंय म्हणजे सरकारचंच असणार, असं वाटलं मला. सरकारशी कुठं भांडत बसू?"

पेंटर दाराशी चपला शोधत होता. पायात घातलेल्याच होत्या. तो तसाच दुकानात निघून गेला आणि एका कोऱ्या पत्र्याला दोनदा अस्तर लावलं. आपल्या अक्षराचं इतकं कौतुक त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्याला भडभडून येत होतं.

दुपारी मुलगी दुकानात आली. निबंध मंगळवारी द्यायचा होता. तिनं मोबाइलवर त्या पाटीचा फोटो मोठा करून धरला.

"बाबा, माझा सगळा निबंध या पाटीवर उभा आहे. नियम कुठंच नाही, फक्त पाटी आहे. पण यादीत ती कुणी रंगवली ते लिहावं लागेल. मी 'अज्ञात' लिहिलंय. अक्षरावरून तुला काही सांगता येतं का?"

हातात ब्रश होता म्हणून बरं, नाहीतर हात कुठं ठेवावेत तेही त्याला कळलं नसतं. 'अज्ञात' या शब्दाआड आणखी बारा वर्षं आरामात काढता आली असती. पण लेकीनं इतकं खरं शोधून आणलं होतं, आणि त्यातलं एकच खोटं त्याच्यामुळे राहणार होतं.

"अज्ञात खोड," तो म्हणाला. "मी रंगवलीय."

तिनं फोटोचा खालचा कोपरा आणखी मोठा केला. "यावर तुझी सही नाही."

"जागा नव्हती."

"वीतभर जागा आहे, बाबा."

"हो. आहे," पेंटर म्हणाला. "लाज वाटली म्हणून नाही केली. आणि लाज वाटूनही पाटी दिलीच."

ती चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आत्याला ठाऊक आहे?" त्यानं नकारार्थी मान हलवली. "मग आधी तिला सांग. ते झाल्याशिवाय मी निबंध देणार नाही. शून्य मिळालं तरी चालेल."

तसेच दोघं आत्याच्या खोलीवर गेले. आत्या पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पेंटरनं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, पाटी, सही, सगळं. मुलगी कोपऱ्यात वहीत उतरवत होती.

"चुकलो, ताई," तो शेवटी म्हणाला. "तुला तिथं काम लागलं, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो."

आत्यानं हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली.

"पाटीचं काही नाही रे. तू नसती रंगवलीस तर दुसऱ्या कुणी रंगवली असती. पण गप्प कुठं बसलास तू?"

पेंटरला कळेना.

"पहिल्याच दिवशी मी तुझ्या दुकानात आले होते. म्हटलं, ह्याचा धंदाच पाट्यांचा, ह्याला कळेल. विचारलं तुला, ही पाटी सरकारी आहे का रे? तू वर न बघता म्हणालास, 'असेल ताई. नियम असेल.' म्हणून तर मी पुढं कुणाला विचारलं नाही."

बारा वर्षं तो स्वतःला गप्प बसल्याचा दोष देत होता. हे मात्र तो साफ विसरला होता. आता ते जसंच्या तसं आठवलं, हातातल्या ब्रशसकट.

मुलीनं वहीतलं 'गप्प बसले' खोडलं आणि बापाकडे पाहिलं. "आत्या म्हणतेय तसं लिहू?"

"तसंच लिही," पेंटर म्हणाला.