मामू जामीन राहिला

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप ओठावर जातो. त्या कामासाठी मला मिशी काढावी लागली होती आणि बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. मिशी काढली, केस वाढवले, खात्याचे बूट जाऊन पायात प्लास्टिकची चप्पल आली. ताठ चालायची सवय मोडायला तर फार त्रास झाला. आता मला माझा सख्खा भाऊसुद्धा ओळखणार नाही, अशी माझी खात्री होती. हा फुगा कसा फुटला, तेच इथे सांगायचं आहे.

मी तेव्हा नांदेड जिल्ह्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. मूळचा खात्यातला ड्रायव्हर. ट्रकपासून कैद्यांच्या गाडीपर्यंत सगळं चालवलेलं, नंतर परीक्षा देऊन फौजदार झालो. लातूरच्या बाजारातून तूर आणि सोयाबीन भरून निघालेले ट्रक त्या काळात वाटेत गायब होत होते. ट्रक कुठेतरी, कधी आमच्या हद्दीतही, रिकामा सापडायचा आणि ड्रायव्हर एखाद्या शेतात बेशुद्ध. असा प्रकार झाला की आमचा पहिला संशय ड्रायव्हरवरच. बहुतेक वेळा तो खराही निघतो.

शिरूर अनंतपाळकडचा असाच एक तरुण ड्रायव्हर लातूरला अटकेत होता. तुरीची अख्खी गाडी त्याच्या ताब्यातून गेली होती. मी कागद बघायला लातूरला गेलो तेव्हा त्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर डबा घेऊन बसलेली होती.

"सायेब, त्यांनी न्हाई केलं. चहा पिले आन् पडले. आमच्या घरात समदे ड्रायवरच हायत. गाडीतला माल म्हंजे अमानत, दुसऱ्याची ठेव, असं अब्बानं शिकवलंय आमाला."

मी मान हलवली आणि आत गेलो. नोकरीत अशा बायका मी खूप पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीचा नवरा निर्दोषच असायचा. खरं सांगायचं तर तिच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

टोळीत माणूस घुसवायचं वरिष्ठांनी ठरवलं. लातूर भागात माझा चेहरा कुणाला माहीत नव्हता आणि ट्रक चालवता येत होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. औशाच्या एका खबऱ्याने दोनच गोष्टी सांगितल्या. टोळीला ड्रायव्हर हवा आहे, ही पहिली. दुसरी महत्त्वाची. तिथे कुणी जामीन राहिल्याशिवाय नवा माणूस घेत नाहीत. हा जामीन तोंडी असतो. नवा माणूस फुटला तर आधी जामीन राहणाऱ्याचा हिशोब होतो आणि मग त्याचा.

"औशाच्या बाजारापाशी एक म्हातारा ड्रायवर बसतोय, मामू म्हन्त्यात त्याला," खबऱ्या म्हणाला. "त्यो जामीन ऱ्हायला की काम झालं. फुडं मला इचारू नका, मला लेकरंबाळं हायत."

मामू सापडायला वेळ लागला नाही. पांढरी दाढी, खांद्यावर गमछा, हॉटेलच्या बाकड्यावर कडेला बसायची सवय. त्याच्या ट्रकचा एअर पाइप फुसफुसत होता. मी न विचारता खाली शिरलो आणि तो बांधून दिला. मग चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता मी विचारलं, "मामू, पूर्ण नाव काय तुमचं?"

त्याने बशीतला चहा संपवला, गमछ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मामू म्हन की. बाकीचं नाव घरी ठिवून आलोय."

मी हसलो, तोही हसला. म्हातारा मिश्कील आहे, एवढीच नोंद मी मनात केली.

काही दिवस त्याने मला पारखलं. घाटात उतरताना गिअर कसा टाकतो, टायर ठोकून बघतो का, ताडपत्रीची गाठ कशी मारतो. एके सकाळी म्हणाला, "चल. तुला जामीन ऱ्हातो." इतक्या सहज म्हणाला की मलाच शंका आली. पण पुढे जायला दुसरी वाट नव्हती.

टोळीचा म्होरक्या मालक म्हणून ओळखला जायचा. पांढरे कपडे, मृदू बोलणं, समोर कायम फुटाण्यांची वाटी. त्याला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नाही. माझ्या अनुभवात, न ओरडणारा गुन्हेगार जास्त जपून हाताळावा. त्याची पद्धत हुशारीची होती. रात्री गस्त असते म्हणून हे लोक दिवसा काम करत. बाजारातला एक माणूस कोणती गाडी निघाली ते कळवायचा. नांदेड रस्त्यावरच्या ढाब्यावर ड्रायव्हरच्या चहात गुंगीचं औषध पडायचं. गाडी आडवाटेला नेऊन माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवायचा की काम संपलं. भर दुपारी पोती उतरताना दिसली तर कोण संशय घेणार?

ढाब्यावर आल्या आल्या मोबाइल काढून घेत. त्यामुळे निरोप द्यायला मी टायरवाल्याकडे हवा भरायला जायचो. तिथे आमचा एक हवालदार मळकी बनियन घालून बसलेला असायचा. हवा भरेपर्यंत जे बोलणं होईल तेवढंच.

एक दिवस मालकाने सगळ्यांना ढाब्यामागे बोलावलं. बाजेवर बसून फुटाणे खात शांतपणे म्हणाला, "आपल्यात एक खाकी हाय म्हून कळलंय."

ही बातमी आमच्याच खात्यातून फुटली होती. फोडणारा माणूस पुढे चौकशीत सापडला.

आम्ही तिघे नवे होतो. मालकाने तिघांच्या जामिनांना पुढे केलं. आपापल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून बोलायचं, असा तिथला रिवाज. पहिल्या दोघांचं उरकलं. मग मामू आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्येचा बाप माझ्यासंगं हैदराबाद लाइनला गाडी हाकत व्हता. ह्येला मी लहानपनापासून बघून राहिलो. उंडगा हाय, पर खाकी न्हाई. खोटा निघाला तर आधी मला गाडीखाली घाला."

"बघ हां मामू," मालक म्हणाला. "तुझं वय झालंय."

"हाव, वय झालंय म्हूनच खोटं बोलत न्हाई."

मालकाने फुटाण्यांची वाटी मामूपुढे केली आणि विषय संपला.

माझे वडील आमच्या गावी शिंपीकाम करायचे. ट्रक तर सोडाच, त्यांनी सायकलसुद्धा चालवली नाही. मामूला माझ्या बापाची काही माहिती असण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे म्हातारा धडधडीत खोटं बोलला होता. कशासाठी? आमच्या धंद्यात एक नियम आहे. जो विनाकारण मदत करतो, त्याच्यावर आधी नजर ठेवावी. मी हिशोब मांडला. मामूने मला ओळखलं असावं. आज वाचवून उद्या जास्त किंमत येईल तिथे मला विकायचा त्याचा डाव असावा. त्या दिवसापासून मी त्याच्या हातचा चहा घेणं बंद केलं. त्याच्या ते लक्षात आलं. तो स्वतःच्या कपातला एक घोट आधी पिऊन तोच कप माझ्यापुढे सरकवू लागला. यावरही मला संशयच आला.

मग एका सकाळी ट्रक धुताना तो हळूच म्हणाला, "परवा औशाकडच्या शेडमधला समदा माल भोकरच्या गोदामाला जानार हाय. घेनारा येतोय, म्हून मालक सोता येनार. गाडी तू घे."

मालक कधीही मालाजवळ फिरकत नसे. आम्ही याच संधीची वाट बघत होतो. आणि ती हा म्हातारा मला आयती आणून देत होता. मी टायरवाल्याकडे गेलो आणि हवालदाराला सांगितलं, "भोकरला सापळा लावा. पण हा सापळा आपल्यासाठीही असू शकतो, माणसं जास्त आणा. आणि मामूला पहिला उचला. तो निसटला तर सगळं हातचं जाईल."

ठरल्याप्रमाणे मी गाडी भोकरला नेली. मामू माझ्या शेजारी बसला होता. वाटभर मी डाव्या हाताला टॉमी, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, ठेवून गाडी चालवत होतो. गोदामात मालक आला, घेणारा आला, ताडपत्री सुटली आणि आमची माणसं आत शिरली. मालक पळालासुद्धा नाही. हातातले फुटाणे खिशात टाकून उभा राहिला. मामूला सर्वात आधी धरलं ते माझ्या सांगण्यावरून. दोघांनी त्याला जमिनीवर पाडलं तेव्हा त्याची दाढी तुरीच्या भुशात गेली. त्याने धडपड केली नाही. टोळीतले बाकीचे हाती लागेपर्यंत ओळख उघड होऊ नये म्हणून मलाही बेड्या घालून नेलं.

पोत्यांवर लातूरच्या वेगवेगळ्या दाळमिलचे शिक्के होते. त्या तरुण ड्रायव्हरच्या गाडीतलीही पोती त्यात होती. मुद्देमाल मिळाला, पंचनामा झाला. पण यातून ड्रायव्हर सुटत नव्हता. तो टोळीत सामील नव्हता हे सांगणारं कुणीच नव्हतं. मालक वकिलाशिवाय तोंड उघडेना. ढाबेवाला म्हणाला, ड्रायव्हरला वाटा ठरला होता. असं म्हटलं की त्याचा स्वतःचा गुन्हा हलका होत होता. लेखी तेवढंच आलं असतं तर ड्रायव्हरची शिक्षा पक्की होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गणवेश घालून चौकशीच्या खोलीत गेलो. एकेकाला आणलं. मला बघून कुणी खाली बसलं, कुणी शिवी हासडली. मामू आला. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मिशी नसली तरी कपडे शोभत्यात की."

त्याला धक्का बसला नव्हता. मी रायटरला लिहायला सांगितलं आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "पूर्ण नाव?"

मामू हसला. "दुसऱ्यांदा इचारलंत सायेब."

मला काही समजेना.

"औशाला, पैल्या दिवशी, चहा पिताना इचारलंत. उभी जिंदगी लाइनवर गेली माझी. ड्रायवर ड्रायवरला गाव इचारतो, गाडी कुनाची ते इचारतो. पूर्ण नाव फकस्त ठान्यात इचारत्यात."

रायटरचा पेन थांबला. मिशी, केस, चप्पल, चाल, सगळं बदललं होतं. तोंडातला प्रश्न मात्र खाकीच राहिला होता.

"मग जामीन का राहिलास?" मी विचारलं. "मालकाला कळलं असतं तर?"

मामूचं हसू गेलं.

"त्या तुरीच्या गाडीच्या दिवशी माल मीच नेला सायेब. बेशुद्ध ड्रायवरला उचलून शेतात ठिवायचं व्हतं. एकानं खांदे धरले, पाय मी धरले. त्याच्या तोंडावर गमछा व्हता. बांधावर ठिवताना गमछा सरकला. माझा जावई व्हता त्यो."

मी रायटरला लिहीत राहायची खूण केली.

"तिथंच वरडलो असतो तर दोघांलाबी मारलं असतं. गप ऱ्हायलो. मग पोरगी सांगाया लागली, अब्बा, त्यांना चोर म्हनून राहिले. गाडीतला माल अमानत असतोय, हे मीच तिला शिकवलं, आन् तिच्याच नवऱ्याचे पाय धरून…"

"ठाण्यात का आला नाहीस?"

"आलो असतो तर तुमी काय म्हनला असता? सासरा चोर, म्हंजे जावईबी चोर."

आम्ही अगदी असंच म्हटलं असतं. दोघांनाही आत टाकून प्रकरण बंद केलं असतं आणि पाठ थोपटून घेतली असती. हे मला तिथेच कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

"तुमी नाव इचारलं आन् मनात म्हनलं, अल्लानं खाकी दारात आनून दिली. आता हिला मालकापातूर पोचवायचं. माझं काय व्हायचं ते होवो."

मी ज्याचा चहा टाळत होतो आणि ज्याच्यासाठी टॉमी जवळ ठेवली होती, तो माणूस त्या सगळ्या दिवसांत मला सांभाळत होता. मी शिपायाला चहा आणायला सांगितलं. चहा आला. मी आधी मामूच्या कपातला घोट घेतला आणि तो कप त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही.

मामू माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या साक्षीवर मालकाला शिक्षा झाली आणि जावई निर्दोष ठरला. साक्षीच्या दिवशी मुलगी कोर्टात आली होती. बाप त्या लोकांत होता हे समजल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. साक्ष संपून मामू बाहेर आला तेव्हा ती कोर्टाच्या ओट्यावर बसून राहिली, मान वर केली नाही. जावई मात्र उठला. त्याने तिच्या हातातला डबा घेतला, मामूसमोर उघडला आणि म्हणाला, "बसा मामू, जेवून घ्या." मामूने पहिला घास तोडला तेव्हा मुलीने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

नोकरीभर मी संशयाचीच भाकरी खाल्ली आणि त्याबद्दल तक्रार नाही. संशय घेतला नसता तर कित्येक चोर मोकळे फिरले असते. पण ती बाई ठाण्याच्या ओट्यावर खरं बोलत होती आणि मी मान हलवून आत गेलो होतो. त्यानंतर कुणाची बायको डबा घेऊन आली तर मी आधी तिच्याजवळ बसायचो, ऐकायचो आणि मगच संशय घ्यायचो.

कोर्टात त्या दिवशी मामूला शपथ दिली आणि विचारलं, "पूर्ण नाव?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं, बापाच्या नावासकट आणि गावासकट, सांगितलं. ते मला आजही पाठ आहे. पण ते त्याने घरून ठेवणीतलं काढून आणलं होतं, म्हणून मी इथे लिहिणार नाही.