बिनघंटीच्या चार सायकली

माझा धाकटा दीर सैदाकमत घोड्यावर बसत नाही. आमच्या पठारावर पोर चालायच्या आधी खोगिरावर बसतं, तिथे चाळिशीचा बाप्या घोड्यावर बसत नाही म्हणजे लोक पुढचं स्पष्टीकरण ऐकायला थांबतात. स्पष्टीकरण एवढंच की आमच्याकडे बकऱ्याच्या धडासाठी घोडेस्वारांची झोंबाझोंबी चालते, त्या खेळात तरुणपणी तो खाली पडला, त्याच्यावर त्याचा घोडा पडला आणि त्या घोड्यावर आणखी दोन घोडे पडले. डॉक्टरनं खुब्यात लोखंड घातलं आणि सांगितलं, आता खोगीर विसर. बकरा मात्र त्यानं शेवटपर्यंत सोडला नव्हता. हे तो अजून सांगतो, कुणी विचारलेलं नसतं.

सायकल त्याला एका हॉलंडच्या माणसाकडून मिळाली. तो माणूस सायकलला कंटाळला होता आणि सैदाकमतचा घोडा नुसता चरून माजला होता. दोघांनी अदलाबदल केली आणि आपण दुसऱ्याला छान गंडवलं असं वाटून दोघं हसत निरोप घेऊन गेले. काही दिवसांनी घोडा एकटाच घरी परतला. त्याच्या मागोमाग तो माणूसही आला, पायी. सैदाकमत इमानदार, त्यानं सायकल पुसून पुढे केली. पण त्या माणसानं हात जोडले, चहा प्याला आणि आता काहीही नको म्हणून चालत खाली गेला.

रस्ता आमच्याकडे आहे. पूर्वी खाणीचे ट्रक जायचे, तेव्हा सैदाकमत त्याच रस्त्यावर खडी पसरायच्या कामाला होता. मग खाण बंद झाली, खालचा पूल नदीनं नेला, आणि रस्ता वर पठारावर तसाच पडून राहिला. हल्ली परदेशी सायकलवाले कौतुकानं येतात. त्यांच्यातल्या एकीनं मागे तोडक्या रशियनमध्ये विचारलं, "इथे गाड्या येतात का?" सैदाकमत खाली मान घालून म्हणाला, "नाही हो, आता एकही येत नाही." तर तिनं चक्क टाळ्या वाजवल्या. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

पठारावर मोबाइल लागत नाही. फक्त काराबेलच्या खिंडीत, एका खडकावर उभं राहिलं तर लागतो. म्हणून रोज सकाळी सगळ्या तंबूंतले मोबाइल थैलीत घालून सैदाकमत खिंडीत जातो, सगळ्यांचे आलेले निरोप गोळा करतो आणि दुपारपर्यंत परततो. पन्हाळी पत्र्यासारखा झालेला तो रस्ता, त्यावर घोडा नखरे करतो, सायकल करत नाही. चांगली बातमी असली की तो वळणापासूनच घंटी वाजवायला लागतो. मग ज्याच्या दारात येईल त्यानं आधी सुयुन्चू कबूल करायची, म्हणजे शुभवार्तेचं बक्षीस, आणि मगच बातमी ऐकायची. सैदाकमतकडे आज बक्षिसाचे एवढे हातमोजे जमलेत की त्याला चार हात कमी पडावेत. वाईट बातमी असली तर तो त्या दाराशी जातच नाही. तो मुकाट्यानं वस्तीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बेकतुर्सुन आजोबांकडे जातो, मग आजोबा आणि शेजारीपाजारी मिळून त्या घरी जातात. आमच्याकडे मृत्यूची बातमी एकट्या माणसाला एकट्यानं सांगत नाहीत.

यंदा आमच्या शेजारच्या उलकान आपाचा मुलगा एरमेक मॉस्कोत बांधकामावर होता. वसंत संपता संपता त्याचे फोन थांबले. तिकडे कुठेशी परांची कोसळून आपल्याकडची पोरं गेली, असं कुणीतरी सांगत आलं. कुठली परांची, कुठली पोरं, काही पत्ता नाही. आपाला एकच मुलगा. रोज दुपारी ती तंबूच्या दारात उभी राहायची, काही न करता. आपा काही न करता उभी आहे, हे दृश्य आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सैदाकमतचा रस्ता तिच्या दारावरून. त्यानं तो सोडला आणि तळ्याच्या पलीकडून, दगडगोट्यांतून यायला लागला. रोज ढोपरं फुटलेली.

"भावजी," मी एकदा म्हटलं, "सरळ रस्ता बायकोनं माहेरी नेला का?"

"वहिनी," तो म्हणाला, "तिच्या तोंडाकडे बघून 'काही नाही' म्हणून दाखव एकदा."

मला दाखवता आलं नसतं. मी कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घुसळत बसले.

मग एके दिवशी मी अशीच कुमीस घुसळत होते. आपाच्या तंबूकडून रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हे, मेलेल्यासाठी गातात ते, ओवीसारखं. घुसळणं टाकून मी धावले. बाहेर चार परदेशी सायकलवाले शिरस्त्राणं हातात घेऊन उभे. त्यांना बघायला कुणाला वेळ होता? आत आपा भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि एरमेकचे गुण गात होती, त्याचे हात, त्याचा लाल घोडा, लहानपणी खाल्लेली सायीची वाटी. मी तिच्या शेजारी बसले आणि रडायला लागले. मला वाटलं, सैदाकमतनं आजोबांना सांगितलं असणार. बेकतुर्सुन आजोबा आले, त्यांना वाटलं, सैदाकमतनं मला सांगितलं असणार, मी घरातलीच ना. माझा नवरा लांबून घोडा दौडवत "माझ्या भावा रे" म्हणून रडतच आला, पद्धतच तशी आहे. पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून उभे राहिले. आजोबांनी मेंढी कापायला सांगितली, ती कापून झाली. शोकाच्या घरी 'तुला कुणी सांगितलं' असं विचारत नाहीत, त्यामुळे कुणीच विचारलं नाही. परदेशी बायांपैकी एक तर आमच्याहून जास्त रडत होती.

आणि वळणावरून घंटी ऐकू आली.

एकदा नाही, सारखी. सरळ रस्त्यावरून, आपाच्या दाराकडे. पुरुषांनी माना वर केल्या. "प्यायलेला दिसतोय," आजोबा म्हणाले. माझा नवरा लाजेनं काळाठिक्कर पडला, पुढे होऊन त्यानं सायकलचा दांडाच धरला.

"सुयुन्चू, आपा, सुयुन्चू," सैदाकमत धापा टाकत म्हणाला.

"तोंड सांभाळ. मयताच्या दारात बक्षीस मागतोस?"

"कोण गेलं?"

"एरमेक."

"कधी?"

"कधी म्हणजे? तूच ना..."

"आत्ता माझ्याशी बोलला की. तोंडात मांसाचा समसा होता म्हणून नीट कळत नव्हतं, पण मेलेला वाटला नाही."

 मग आजोबांनी न विचारायचा तो प्रश्न विचारला, "बातमी आणली कुणी?" नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आजोबांकडे. फिरत फिरत सगळ्यांच्या नजरा त्या चौघांवर येऊन थांबल्या. त्यांच्यातल्या एकानं रिकामी बाटली वर करून दाखवली. ते पाणी मागायला आले होते.

आपाच्या जागी कुणीही असतं तरी तेच समजलं असतं. आमच्याकडे सायकल म्हणजे बातमी. वाजली नाही म्हणजे वाईट, आणि मृत्यूची बातमी एकटा कुणी आणत नाही, मग एकाऐवजी चार, ओळीनं, मुकाट्यानं दारात आल्या म्हणजे काय उरलं?

आत आपानं चाललेलं कडवं पूर्ण केलं. अर्धं टाकत नाहीत. मग ती बाहेर आली, डोक्याचा रुमाल सावरत.

"काय म्हणाला?"

"खाली नारिन शहराच्या बसथांब्यावर आहे. मोबाइल चोरीला गेला, मग कागदांवरून पकडलं, कोंडलं, आता परत पाठवलंय. उद्या येतो. आणि विचारत होता, माझा घोडा कुणाला दिला नाहीस ना."

आपा तिथेच मातीत बसली, सायकलचं पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि रडली. या वेळी ओवी नव्हती, शब्दही नव्हते. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला.

"घोडा घे," आपा जरा वेळानं म्हणाली. "एरमेकचा लाल घोडा. तीच तुझी सुयुन्चू."

"मी काय करू घोड्याचं, आपा? माझ्यावर तीन घोडे पडून गेलेत." त्यानं मान खाली घातली. "त्यापेक्षा माझ्यावर रागावू नकोस. इतके दिवस तळ्यापलीकडून गेलो."

"रागावू कशाला? मला दिसायचास की. पलीकडून सायकल गेली की मी म्हणायची, आज आजोबांकडे वळला नाही, म्हणजे आज तरी माझा पोरगा आहे. मग मी भाकरी खायची. एक दिवस दिसला नाहीस, तेव्हा उपाशी राहिले."

सैदाकमत घंटीचा खटका उगाच चाचपत राहिला.

मेंढी कापलेली होती, ती काही उठणार नव्हती. तेच मांस, तीच माणसं, फक्त आता हसत खाल्लं. परदेशी चौघांना मानाचं मुंडकं दिलं. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या दिवशी एरमेक आला, वाळलेला, पायांत कुणाचेतरी बूट. आधी आईला भेटला, मग घोड्याला.

ऑगस्ट संपता संपता तो पुन्हा मॉस्कोला गेला. इथे काम कुठलं? सुरुवातीला त्याचा फोन यायचा, मग येईनासा झाला.

आता सैदाकमत तळ्याला वळसा घालत नाही. रोज दुपारी सरळ रस्त्यानं येतो, वळणापासून घंटी वाजवत. आपा दारात येते.

"काय?"

"काही नाही, आपा."

तो तिच्या तोंडाकडे बघून म्हणतो. ती त्याच्या हातावर सुयुन्चू म्हणून चार कुरुत ठेवते, दगडासारखे सुकलेले दह्याचे गोळे, आणि आत जाऊन भाकरी खाते.